चोवीस तोंडं, अठ्ठेचाळीस सिमेंटं

गुरुवार, १ ऑगस्ट २०१३

ही डायरी भामाला दातांच्या औषधाच्या एका कंपनीनं फुकट दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक दात हसतोय. दाताला तोंड कुठून आलं आणि त्या तोंडात आणखी दात आहेत का, असं मी विचारलं, तर भामा म्हणाली, "आज्जी, तू लिही गं. प्रश्न नक्को." म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही देगलूरला, तीही शेतात काम नसलं की. चुकलं तर दात हसतोच आहे.

भामा म्हणजे माझी नात, एकनाथची थोरली. दातांची डॉक्टर झालीच आहे, आता त्याच्यावरची परीक्षा करतेय. त्या परीक्षेला एक पुस्तक लिहून द्यावं लागतं. छापलेलं चालत नाही, स्वतः शोधून काढलेलंच पाहिजे. ते पुस्तक पडलं की परीक्षा पडली.

परवा दिल्लीत ठरलं म्हणे, तेलंगणा वेगळा होणार. अंबरपेठेत काल फटाके, आज अर्धी दुकानं बंद. सून विचारत होती, "आत्या, आता आपण कुठल्या राज्यात?" मी म्हणलं, स्वयंपाकघरात. मला याचं काही नवल नाही. मी चौदा वर्षांची असताना, छप्पन साली, निजामाचं जुनं राज्य मोडलं आणि आमचं देगलूर मुंबईकडं गेलं. दोन वर्षांनी माझं लग्न झालं ते हैदराबादेत. म्हणजे माझं माहेर आणि सासर ह्यांच्यात सरकारनं आधीच रेघ ओढून ठेवली होती. मग मी दर उन्हाळ्यात परराज्यात जाऊन आंबे खाऊन यायची.

तर भामाला बायका पाहिजेत. दाताच्या मानेला, हिरडीच्या अगदी वर, खाच पडलेल्या. दोन्ही बाजूंना पडलेल्या. चार महिने शोधते आहे, पाच मिळाल्या, त्याही एकेक करून गळाल्या. रडकुंडीला आली होती. मी सहज आ केला. तिनं मोबाइलची बॅटरी मारली आणि मला मिठीच मारली. "आज्जी! तुझ्या तोंडात खजिना आहे!"

मी म्हणलं, हा खजिना आमच्या गौलीगुड्याच्या महिला मंडळात सगळ्यांकडं आहे. चाळीस-चाळीस वर्षं कोळसा-मिठाची पूड आडवी घासलीय आम्ही. भांडी तशी दात.

गुरुवार, ८ ऑगस्ट

आज मंडळात भजन राहिलं बाजूला. एक्केचाळीस बायकांनी भामापुढं रांगेत तोंडं उघडली. मिश्री लावणाऱ्या तिघींना तिनं परत पाठवलं, तंबाखू चालत नाही म्हणून. त्यातली एक म्हणाली, आत्ता डबी नालीत टाकते, पण मला घे. तरी नाही. शेवटी चोवीस जणी निवडल्या. ज्या निवडल्या त्या अशा मिरवत होत्या, जसं काही सून म्हणून पसंत केलंय.

भामानं फार छान समजावलं. म्हणाली, "सिमेंट आज भरलं की आज घट्टच बसतं. टिकली कशी, लावल्या दिवशी सगळ्यांचीच चिकटते. खरी गोष्ट कळते घाम येऊन चार दिवस गेल्यावर." दाताच्या आत म्हणे बारीक बारीक तंतू असतात. सिमेंटाखालचा गोंद त्या तंतूंत शिरतो आणि धरून बसतो. पण दाताच्याच पोटात एक रस असतो, तो ते तंतू हळूहळू खातो. वर्ष-दीड वर्षात गोंद सुटतो, सिमेंट पडतं. मग भामा काय करणार, तर एका बाजूच्या खाचेत गोंदाच्या आधी एक औषध मिनिटभर लावणार, त्या रसाला झोपवायला. दुसऱ्या बाजूला नुसताच गोंद. मग दीड वर्ष बघायचं, कुठलं टिकतं.

केसरबाई म्हणाली, "म्हणजे वैरी घरातलाच." केसरबाई आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन ह्या शहरात आलो. ती टेलिफोन ऑफिसातून रिटायर झाली, मी कशातूनच झाले नाही. पंचावन्न वर्षं आमचं भांडण चालू आहे, विषय तेवढा बदलतो.

भामानं जाताना तीनदा सांगितलं, "रोजच्यासारखं खा. रोजच्यासारखे दात घासा. माझ्यासाठी काहीही वेगळं करू नका."

किती संस्कारी पोर.

सोमवार, १९ ऑगस्ट

माझी दोन्ही सिमेंटं झाली. कॉलेजातली खुर्ची अशी मागं जाते की मी डॉक्टरचा हातच धरून ठेवला. डावीकडं औषध लावलं की उजवीकडं, हे सांगत नाहीत. चिठ्ठी टाकून ठरवतात आणि पाकीट बंद करून ठेवतात. पुढं जी डॉक्टर तपासणार तिलाही सांगत नाहीत, म्हणजे कुणाची बाजू घेऊ नये. मी घरी येऊन जिभेनं दोन्हीकडं चाचपून बघितलं. जिभेलाही सांगितलेलं नाही.

आता मनातलं लिहिते. भामा म्हणाली, माझ्यासाठी काही वेगळं करू नका. आमच्या लेकीचा, सुमनचा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा हेच म्हणाला होता. "आई, माझ्यासाठी काही करू नका, पिठलं-भाकरी चालेल." मी खरंच पिठलं-भाकरी वाढली असती तर सुमनच्या सासूनं आजपर्यंत ऐकवलं असतं. मी पुरणपोळी केली, दोन भाज्या, कोशिंबीर, कढी, भजी. तो "कशाला, कशाला" म्हणत सात पोळ्या जेवला. चांगल्या घरातलं माणूस तोंडानं मागत नाही. समोरच्यानं ओळखायचं असतं. पोरीची परीक्षा ह्या अठ्ठेचाळीस सिमेंटांवर आहे आणि ती म्हणणार का, की बायांनो माझी सिमेंटं सांभाळा?

मी सांगीन. तिला कळू न देता. कळलं तर बिचारीला संकोच होईल.

गुरुवार, २२ ऑगस्ट

मंडळात दार लावून कायदा सांगितला.

एक. भाकरी नुसती खायची नाही, वरणात कुस्करून गिळायची. दोन. सुपारी, फुटाणे, ऊस, चकली, ठेच्यातला शेंगदाणा, सगळं बंद. तीन. चहा बशीत ओतून थंड करून प्यायचा. चार. ब्रश नाही, पावडर नाही. ओल्या कापसानं सिमेंटाचा दात पुसायचा, देवाची मूर्ती पुसतो तसा. पाच. भामाला बोलायचं नाही.

बायकांनी तुळजाभवानीची शपथ घेतली. नवीन भांडं कपाटात कसं ठेवायचं हे आमच्यातल्या कुणाला शिकवायला लागत नाही. पार्वतीबाईच्या घरी लग्नातला डिनर सेट अजून खोक्यात आहे आणि तिचा नातू नोकरीला लागला.

एकटी केसरबाई म्हणाली, "मी शपथ घेत नाही. पोरीनं रोजच्यासारखं खा म्हणलंय, मी खाणार." मी म्हणलं, "तुला आडून बोललेलं कळतं का काही?" ती म्हणाली, "तीस वर्षं टेलिफोनवर होते. लोक जे बोलतात तेच ऐकायची सवय आहे."

रविवार, ३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. चकल्या केल्या, दुधात भिजवून खाल्ल्या. अनारसे दुधात. शंकरपाळे दुधात. भामानं विचारलं, "आज्जी, हे काय खातेस तू?" मी म्हणलं, वय झालं. बाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच हे कारण वापरलं, चांगलं चाललं.

सोमवार, १० फेब्रुवारी २०१४

सहा महिन्यांची तपासणी झाली. बंद होता, तरी चोवीसच्या चोवीस आल्या. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, बंद में सब बुढ्ढियाँ किधर जारे?" मी म्हणलं, परीक्षेला. त्यानं मागं वळून बघितलं आणि रिक्षा जोरात सोडली.

निकाल: अठ्ठेचाळीसपैकी शून्य पडली! एकसुद्धा नाही! केसरबाईची पण शाबूत, तिच्या हट्टाला न जुमानता. भामा मात्र म्हणावी तशी हसली नाही. म्हणाली, "दोन्ही बाजू सारख्याच आहेत, आज्जी. फरकच दिसत नाही." मी म्हणलं, "फरक कशाला पाहिजे? दोन्ही चांगल्या आहेत." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिच्याकडं ती पहिल्यांदा पोळी लाटत होती तेव्हा बघितलं होतं.

दमली असेल.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लोकसभेत पास झालं. टीव्हीवर ऐन वेळी चित्रच गेलं, आवाजही गेला. मग बातमी आली की राज्याचे दोन तुकडे, आणि हैदराबाद दहा वर्षं दोघांचं. दोन जावांना एक चूल. बघू.

भामाच्या कॉलेजात गडबड आहे. तिच्या मैत्रिणी विजयवाड्याच्या, त्या विचारतात आम्ही कुठले. तिच्या गाइड मॅडम नेल्लूरकडच्या, पंचवीस वर्षं इथं आहेत, त्यांनाही घरून फोन येतात. पण भामाला त्यातलं काही नाही, तिला एकच काळजी. एकही सिमेंट पडत नाही.

मला नीट कळत नाही. पडलं तर वाईट ना?

गुरुवार, ५ जून

सोमवारी तेलंगणा झालं. रात्रभर आतषबाजी. आज मंडळात पार्वतीबाईचे यजमान नामदेवराव स्वतः आले. दारातच हात जोडले. "वहिनी, माझ्या घरात दहा महिने सकाळ-संध्याकाळ खिचडी चालू आहे. मला एकदा सांगा, मी घरी आहे का दवाखान्यात?"

मी म्हणलं, "भावजी, विद्येसाठी आहे."

"विद्या कुणाची?"

"आमच्या भामाची."

"मग पोट माझं कायकू?"

पार्वतीबाई आतून ओरडली, "गप बसा, नाहीतर उद्यापासून पेज!" नामदेवराव गेले. कडक बाई आहे. कायद्याला अशीच माणसं पाहिजेत.

पण केसरबाईनं घात केला. चहाच्या वेळी तिनं रुमाल सोडला, त्यात पांढरा तुकडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. डावीकडचं सिमेंट! फुटाणे खाताना पडलं म्हणे. आणि हे सांगताना तोंडात फुटाणेच. मला असा राग आला. चोवीस जणींत एकट्या हिच्यामुळं भामाच्या पुस्तकाला डाग लागणार. मी म्हणलं, "कुणाला सांगू नकोस. मी बघते काय करायचं ते."

मंगळवार, १९ ऑगस्ट

आज सरकारचा सर्व्हे. सगळ्यांनी घरीच थांबायचं, माणसं मोजायला येणार. हैदराबाद असं रिकामं मी कर्फ्यूतही बघितलं नव्हतं. मास्तर आला, घरात किती माणसं, किती गाड्या, गॅस आहे का, विचारून गेला. दात कुणी विचारले नाहीत.

परवा वर्षाची तपासणी. मी केसरबाईला फोन केला, "सर्व्हेमुळं तपासणी पुढं ढकललीय, येऊ नकोस." आणि भामाला सांगितलं, केसरबाई परभणीला गेली, भाची बाळंत झाली. भाची साठ वर्षांची आहे, पण भामाला कुठं माहीत.

खोटं बोलले. पोरीसाठी बोलले. तुळशीपुढं एक दिवा जास्त लावला.

गुरुवार, २१ ऑगस्ट

आज पानाच्या कोपऱ्यातला हसणारा दात दुमडून लिहायला बसले.

तेवीस जणी गेलो. तेवीस जणींची सगळी सिमेंटं शाबूत. मी बाकावर राणीसारखी बसले होते. तेवढ्यात गाइड मॅडम आल्या, कागद बघितले आणि भामाला सगळ्यांसमोर तेलुगूत विचारलं. त्यांना वाटलं मराठी म्हाताऱ्यांना काय कळतंय. पंचावन्न वर्षं ह्या गावात भाजी घेतेय मी, सगळं कळलं.

मॅडम म्हणाल्या, "वर्षभरात एकही पडत नाही, असं मी कधी वाचलं नाही, पाहिलं नाही. साध्या गोंदाची तर दहातली एक-दोन तरी जायला पाहिजेत. परीक्षक एकच म्हणणार, ह्या मुलीनं आकडे घरी बसून भरले. मी सही करू शकत नाही."

भामाचं तोंड पांढरं पडलं. ती फक्त म्हणाली, "मॅडम, मी नाही भरले."

आकडे भरले! माझ्या नातीनं! जी लहानपणी पत्त्यात हरली तरी पत्ते दाखवायची!

मी उठणार, तेवढ्यात जिन्यातून केसरबाई वर. धापा टाकत. म्हणाली, "भामा, तुझ्या कॉलेजातून काल तपासणीचा फोन आला म्हणून आले. ही मालन तर म्हणत होती तपासणीच नाही." आणि खुर्चीत बसून आ केला.

मॅडम वाकल्या. भामा वाकली. तपासणारी डॉक्टर वाकली. तिघींनी एकदम म्हणलं, "पडलंय!" आणि अशा हसल्या, जसं पोरगी पास झाली. मॅडमनी विचारलं, "अम्मा, तुम्ही काय खाता?"

केसरबाई म्हणाली, "काय म्हणजे? माणसासारखं खाते. पोरीनं सांगितलं तसं. ह्या बाकीच्या तेवीस, ह्या मालनच्या कायद्यानं खातात."

"कुठला कायदा?"

माझ्या बावीस बायका. कुणी छताकडं बघतेय, कुणी पदराचं टोक. पार्वतीबाई तर दातांच्या तक्त्यावरचं इंग्रजी वाचायला लागली, जिला मराठी पाटी वाचायला नातू लागतो.

भामानं माझ्याकडं बघितलं. एवढंच. 

मी म्हणलं, मला बाथरूमला जायचंय. आणि घरी आले.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

भामा कालपासून माझ्याशी बोलत नाही. जेवताना ताट वाढलं, "काही करू नकोस," म्हणाली, आणि उठून गेली. ह्या वेळी मी काही केलं नाही.

सकाळी विचार केला. सिमेंट घट्ट आहे का हे बघायचं तर त्याला चावायला लावलं पाहिजे. मी त्याला चावूच दिलं नाही. वर्षभर गादीवर झोपवून ठेवलं आणि वर म्हणतेय, बघा, उभा राहतो. चौथी शिकलेल्या बाईलाही हे कळायला पाहिजे होतं. पंचावन्न वर्षं घर चालवलं, कुणाला काय हवं ते न मागता ओळखलं, त्याचा मला गर्व होता. आता त्या पोरीवर चोरीचा आळ माझ्या ओळखण्यानं आला.

कॉलेजात एकटी गेले. गाइड मॅडमच्या खोलीत गेले आणि तेलुगूतच बोलले. त्या दचकल्या. मी म्हणलं, आकडे खरे आहेत, पोर खरी आहे, खोटी मी आहे. पाचही कलमं सांगितली. कापूस सांगितला. नामदेवरावांची खिचडी सांगितली. परभणीची भाची सांगितली. मग त्या म्हणाल्या, "पण अम्मा, भामानं स्पष्ट सांगितलं होतं ना, काही वेगळं करू नका?"

मी म्हणलं, तुमचा जावई पहिल्यांदा घरी आला, काही करू नका म्हणाला, तेव्हा तुम्ही काय केलं?

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. "अकरा पदार्थ," म्हणाल्या. "आणि अल्लुडुगारू, आमचे जावईबापू, नको-नको म्हणत सगळे जेवले." मग चष्मा काढून एवढं हसल्या की बाहेरची शिपाईण आत डोकावून गेली.

हसून झाल्यावर मात्र सरळ झाल्या. म्हणाल्या, "अम्मा, इथं जे म्हणतात तेच म्हणायचं असतं." विचित्र जागा आहे. पण लक्षात ठेवलं.

त्यांनी ठरवलं ते असं. झालेलं सगळं पुस्तकात लिहायचं, काही लपवायचं नाही. पहिलं वर्ष वेगळं दाखवायचं. आता उरलेले सहा महिने बायका खरंच रोजच्यासारख्या खाणार, मग जे निघेल ते निघेल. काहीच फरक निघाला नाही तर तसं लिहायचं. "पण," म्हणाल्या, "फार कमी वेळ आहे. पुरेल का, मला सांगता येत नाही."

संध्याकाळी भामा आली, माझ्याजवळ बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मॅडमचा फोन आला होता. आज्जी, तू एकटी गेलीस?"

"सिटी बसनं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली. मागं जाणाऱ्या खुर्चीत बसवतील म्हणून."

तिला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मंडळात कायदा मागं घेतला. भामा स्वतः आली होती. पाच मिनिटांत मोठाच गोंधळ. पार्वतीबाई म्हणाली, "म्हणजे आता पाडायची आहेत? सांगायचं की!" आणि पिशवीतून अक्रोड काढला. भामा किंचाळली, "नाही! पाडायची पण नाहीत!"

"सांभाळायची नाहीत, पाडायची नाहीत, मग करायचं काय?"

"काही नाही! काही नाही करायचं!"

बायका माझ्याकडं बघायला लागल्या, मी अर्थ सांगीन म्हणून. मी म्हणलं, "बायांनो, ती जे म्हणतेय तेच म्हणतेय." तरी पार्वतीबाईनं मला डोळा मारला. घरापर्यंत जाऊन तिला समजावावं लागलं. अक्रोड नामदेवरावांनी खाल्ला. एका वर्षात त्यांनी पहिल्यांदा काहीतरी कुरकुरीत खाल्लं, डोळ्यांत पाणी होतं.

गुरुवार, १५ जानेवारी २०१५

संक्रांत. ह्या चार महिन्यांत माझ्याइतके कष्ट कुणी केले नसतील. काहीही न करण्याचे. तिळाची वडी कडक झाली, हात आपोआप दुधाच्या वाटीकडं गेला, मागं घेतला. गंगूबाईला शेंगदाणा चावताना बघितलं, बघू शकले नाही, तोंड फिरवून भिंत बघत बसले. फोन येतात, "मालनबाई, पेरू खाऊ का?" मी म्हणते, "नेहमी खाता का?" "हौ." "मग खा." ठेवून देते आणि देवापुढं बसते. देवाकडंही काही मागत नाही, न जाणो तेही वेगळं केल्यात धरायचे.

पाच जणींची सिमेंटं गेली म्हणे. कुणाची कुठल्या बाजूची, मला विचारायची परवानगी नाही. पाकिटं बंद आहेत. भामा वाळून काटकी झालीय.

सोमवार, ९ फेब्रुवारी

शेवटची तपासणी. बाहेर बाकावर आम्ही, आत एकेक जण. जिचं पडलेलं ती बाहेर येऊन एक बोट वर करायची आणि बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या विभागातले पेशंट घाबरून बघत होते, इथं दात गेला की टाळ्या का वाजवतात म्हणून. पार्वतीबाई हात हलवत आली, दोन्ही शाबूत. इतकी हिरमुसली. केसरबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, "होतं गं कधी कधी."

माझी पाळी आली तर भामानं दारातच थांबवलं. हळू म्हणाली, "आज्जी, तुझं धरता येत नाही. तू कायदा केलास, तू माझी आज्जी आहेस, तुला सगळं माहीत होतं. मॅडम म्हणाल्या, तुला बाहेर काढायचं."

दीड वर्षं जपलेलं तोंड. सिमेंट मोजायलाही नको. मी म्हणलं, बरं. बाकावर येऊन बसले आणि पदरानं चष्मा पुसत राहिले. केसरबाईनं विचारलं, "एक का दोन?" मी म्हणलं, "शून्य." तिला वाटलं शाबूत.

चार वाजता मॅडमनी पाकिटं फोडली. भामा आत, दार बंद. आम्ही बाहेर.  मग दार उघडलं आणि भामा नुसती उभी. तिनं बोटांनी सांगितलं. नुसता गोंद लावलेल्या बाजूची सात गेली. औषध लावून गोंद लावलेल्या बाजूचं एकच.

मी उठले की नाही, आठवत नाही. पार्वतीबाईनं मला उचललं म्हणतात. ती मला उचलू शकते ही मला नवीन माहिती.

मॅडम म्हणाल्या, बायका थोड्या आहेत, वेळ थोडा आहे, फार उड्या मारू नका, एवढ्यानं जग बदलत नाही. पण आकडे खरे आहेत, सही करते.

गुरुवार, ९ एप्रिल

पुस्तक पास झालं! परीक्षकांनी विचारलं, पहिल्या वर्षी एकही का पडलं नाही, आणि भामानं त्यांना सांगितलं. एक परीक्षक लखनौचे होते. ते म्हणाले, आमच्याकडंही पाहुण्याला असंच वाढतात. दहा मिनिटं तेच बोलत बसले.

काळं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आहे, वर सोन्याची अक्षरं. भामानं आज ते मला मांडीवर दिलं. मी म्हणलं, ह्यात बायका कुठं आहेत? तिनं दाखवलं. सगळ्या आकड्यांत. एवढे टक्के, तेवढे टक्के, चौकटीत कोंबलेल्या. कुणाचं नाव नाही, केसरबाईचंही नाही. केसरबाई, जी भाव खाते की मी एकटीच खरी!

मग भामानं पान उलटलं आणि एक ओळ दाखवली, हसू दाबून. "ही तुझी."

"वाच."

"इंग्रजीत आहे."

"मग मराठीत वाच."

तिनं घसा साफ केला. "एका सहभागी स्त्रीनं इतर सहभागींच्या दैनंदिन आहारावर आणि दात घासण्याच्या सवयींवर बारा महिने लक्षणीय प्रभाव टाकल्यामुळे तिच्या नोंदी अंतिम विश्लेषणातून वगळल्या आहेत." वाचून झाल्यावर तोंडावर ओढणी धरली आणि खांदे हलायला लागले.

मी तिला तीनदा वाचायला लावलं. लक्षणीय प्रभाव! बारा महिने! सोन्याच्या अक्षरांच्या पुस्तकात! ओळ पाठ करून घेतली आणि पुस्तक पिशवीत घालून तशीच मंडळात गेले. सगळ्यांना म्हणून दाखवली. केसरबाईनं विचारलं, "आणि मी?"

मी पान उघडून चौकटीवर बोट ठेवलं. म्हणलं, "तुम्ही तेवीस जणी मिळून टक्क्यांत आहात. मी वाक्यात आहे."